गाण्याचा बाप कोण?

(रत्नागिरीत तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. शिव्या थोड्या गाळल्यात, सगळ्या नाही.)



मला विषय दिलाय 'आजच्या तरुणांची गाणी'. म्हणजे पोरं बिघडली, डीजेनं कानाचे पडदे फाटले, वामनदादांच्या वेळी कसं होतं नि आता काय झालंय, असं तासभर रडावं, अशी तुमच्या संयोजकांची अपेक्षा असणार. ते मला जमायचं नाही. डीजेपुढं मीही नाचलोय आणि गुडघे साथ देतील तोवर नाचणार. मला बोलायचंय ते गाण्याच्या पाठीमागं बसलेल्या माणसाबद्दल. जो गाणं लिहितो, चाल बांधतो, कुणाच्या गळ्यात घालायचं ते ठरवतो. तो पोस्टरवर नसतो. पोस्टरवर सोळा-सतरा वर्षांचं एक गोड थोबाड असतं. गाणं त्या थोबाडाचं, असं आपण समजतो. आणि पैसा बहुतेक वेळा त्या दोघांचाही नसतो, तिसऱ्याचाच असतो. तर हा धंदा कसा चालतो ते जरा उलगडून बघू.

सुरुवात लांबून करतो, अमेरिकेपासून. कारण हा कारखाना पहिल्यांदा व्यवस्थित उभा राहिला तो तिथं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या मध्यमवर्गीय पोरांच्या खिशात पैसा खुळखुळायला लागला. 'टीनएजर' नावाचं गिऱ्हाईक जन्माला आलं. तोवर माणूस पोर तरी असायचा, नाहीतर कामाला जुंपलेला बाप्या तरी. आपल्याकडं कालपरवापर्यंत तसंच होतं. मिरकरवाड्याच्या जेटीवर सोळा वर्षांचा पोरगा टोपल्या उचलतो तेव्हा त्याला कुणी टीनएजर म्हणत नाही. हातात मोबाईल आला तेव्हा कुठं तो गिऱ्हाईक झाला.

तर न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर ऑफिसं होती. ब्रिल बिल्डिंग हे त्यातलं गाजलेलं नाव. आत खुराड्यासारख्या खोल्या. एकेका खोलीत एक पियानो, एक टेबल आणि दोन गीतकार. सकाळी यायचं, गाणं पाडायचं, संध्याकाळी घरी. शेजारच्या खोलीतला पियानो यांना ऐकू येतो, यांचा त्याला. कॅरोल किंग आणि जेरी गॉफिन हे जोडपं त्यातलंच. दोघं विशीच्या आतबाहेर. त्यांच्या घरी पोर सांभाळायला ईव्हा बॉइड नावाची एक काळी मुलगी होती. तिच्याकडून यांनी एक नाचाचं गाणं गाऊन घेतलं आणि १९६२ साली ते अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. मुलीचं नाव ठेवलं 'लिटल ईव्हा'. गाणं मालकांचं, चाल मालकांची, कंपनी मालकांची. तिचा गळा तेवढा तिचा. पुढं ती न्यूयॉर्क सोडून दक्षिणेकडं परतली आणि मिळेल ते काम करून जगली. कॅरोल किंग मात्र जगप्रसिद्ध झाली. मी कॅरोल किंगला चोर म्हणत नाही. बाई मोठीच आहे. तिला स्वतःला अठराव्या वर्षी खुराड्यात बसून गाणी पाडावी लागली. पण खुराड्यातल्या माणसाचं नाव राहिलं, कारण त्याच्या नावावर कागद होता. मोलकरणीच्या नावावर कागद नव्हता. हा कागद लक्षात ठेवा, त्याच्याकडं परत यायचंय.

मग १९६५-६६. टीव्हीवाल्यांना बीटल्ससारखं काहीतरी पाहिजे होतं. जाहिरात दिली, मुलाखती घेतल्या, चार पोरं भरती केली, जशी बँकेत कारकून भरती होते तशी. बँडचं नाव मंकीज. गाण्यांचा मुकादम डॉन कर्शनर. हाताखालच्या गीतकारांकडून गाणी लिहवून घ्यायची, दुसऱ्या वादकांकडून वाजवून घ्यायची, पोरांनी गायचं. रेकॉर्डी धडाधड खपल्या. पण ही पोरं माणसं निघाली. भांडायला लागली. आमची गाणी आम्हीच वाजवणार म्हणाली. १९६७ साली कर्शनरला हाकललं आणि पुढची रेकॉर्ड त्यांनी स्वतः वाजवली.

कर्शनरनं काय धडा घेतला? त्यानं पुढचा बँड कार्टूनचा काढला! 'द आर्चीज'. कार्टून भांडत नाही. कार्टून पगार मागत नाही, त्याचं वय वाढत नाही, त्याचा बाप वकील घेऊन येत नाही. 'शुगर शुगर' नावाचं त्यांचं गाणं १९६९ साली अमेरिकेत पहिल्या नंबरावर होतं. लिहिलं जेफ बॅरी आणि अँडी किम यांनी, गायलं रॉन डांटे नावाच्या माणसानं आणि नाव झालं रेषांनी काढलेल्या पोरांचं. मालक लोकांचं स्वप्न काय असतं ते यात स्वच्छ दिसतं. त्यांना कामगाराशिवाय काम पाहिजे असतं. आज कॉम्प्युटरला दोन ओळी सांगितल्या की गाणं तयार होतंय. जून २०२४ मध्ये जगातल्या तीन बड्या संगीत कंपन्यांनी असली यंत्रं बनवणाऱ्यांवर खटले भरले, की आमच्या गाण्यांवर शिकवून तुम्ही यंत्र तयार केलंत. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर गीतकारांना पिळलं तेच आता 'चोर चोर' ओरडतायत. मला हसू आलं. पण त्या यंत्रात ओतलेला घाम कुणाचा, हा प्रश्न खोटा नाही.

आता काळ्यांचा कारखाना. हे तुम्हाला जास्त जवळचं. डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डी नावाचा काळा पोरगा फोर्डच्या मोटारकारखान्यात असेंब्ली लाइनवर होता. सांगाडा एका टोकानं आत जातो नि दुसऱ्या टोकानं चकचकीत गाडी बाहेर पडते, हे त्यानं रोज पाहिलं. १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर कर्ज काढून त्यानं रेकॉर्ड कंपनी काढली, तीच मोटाऊन. गल्लीतलं पोर एका दारानं आत, स्टार दुसऱ्या दारानं बाहेर. चालावं कसं, बसावं कसं, बोलावं कसं हे शिकवायला वेगळी बाई. शुक्रवारी मीटिंग, गाण्यांवर मतदान, नापास गाणं भंगारात. स्टीव्ही वंडर तिथं आला तेव्हा अकरा वर्षांचा होता. तेराव्या वर्षी पहिल्या नंबरावर गेला.

आपल्यातले काही जण म्हणतील, हे बरं झालं, मालक तरी आपला! थांबा. सुप्रीम्स नावाच्या तीन काळ्या मुलींची गाणी जगभर गाजली. त्यातली बहुतेक हॉलंड, डोझियर, हॉलंड या तिघांनी लिहिली नि बांधली. हे तिघे पैशाच्या वादावरून मोटाऊनमधून बाहेर पडले नि कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले. स्टुडिओतले वादक, ज्यांनी तो ठेका घडवला, त्यांची नावं १९७१ पर्यंत रेकॉर्डच्या कव्हरवर छापलीच नाहीत. मालक काळा, बहुतेक वादक काळे. तरी नाव छापलं नाही. जात एक असली म्हणून हिशेब आपोआप चोख होत नाही. हे मी डेट्रॉइटबद्दल बोलतोय, इथं कुणाला टोपी बसली तर त्यानं ती घालावी.

पण एक सांगतो, मोटाऊनची गाणी फालतू नव्हती. कारखान्यात बनलं म्हणून गाणं खोटं, हा भटी विचार आहे. 'उत्स्फूर्त', 'अंतःप्रेरणेतून' वगैरे शब्द ज्यांची चूल दुसऱ्याच्या कष्टावर पेटते त्यांना परवडतात. आपल्या लोकांनी गाणी गरजेपोटी बनवली, तारीख बघून बनवली. उद्या सभा आहे, आज गाणं पाहिजे. तोही एक कारखानाच होता.

नंतरचं झटपट सांगतो. १९९८ साली ब्रिटनी स्पिअर्स नावाची सोळा वर्षांची पोरगी एका गाण्यावर जगभर पोचली. ते गाणं स्टॉकहोमच्या मॅक्स मार्टिननं लिहिलं होतं, आधी दुसऱ्या बँडला देऊ केलेलं, त्यांनी नाकारलेलं. म्हणजे शाळकरी पोरीच्या मनातलं म्हणून जे विकलं ते तिशीकडं झुकलेल्या स्वीडिश बाप्याच्या डोक्यातलं होतं. त्याच सुमाराला अमेरिकेत लू पर्लमन नावाचा एक इसम पोरांचे बँड काढत होता. बॅकस्ट्रीट बॉइज त्याचेच. पाच पोरांच्या बँडमध्ये हा स्वतःला सहावा मेंबर धरून वाटा घ्यायचा, मॅनेजर म्हणून वेगळा, निर्माता म्हणून वेगळा! पोरांनी कोर्टात खेचलं. पुढं लोकांच्या ठेवी बुडवण्याच्या प्रकरणात २००८ साली त्याला २५ वर्षांची सजा झाली आणि २०१६ साली तुरुंगातच मेला.

आणि आपल्या देशात? १९८० साली 'कुर्बानी' आला. सिनेमाची गाणी कल्याणजी-आनंदजींची, पण जे एक गाणं घराघरात गेलं ते बिद्दू नावाच्या माणसाचं, लंडनला बनवलेलं. बिद्दू मूळचा बंगळूरचा, लंडनला जाऊन निर्माता झालेला. गायली नाझिया हसन, पंधरा वर्षांची. तिला फिल्मफेअर मिळालं. पुढच्या वर्षी 'डिस्को दिवाने'. लताबाईंच्या आवाजाशिवाय या देशात बाईचं गाणं चालत नाही, असं मानणाऱ्यांची दातखीळ बसली. मी म्हणतो, बरं झालं. पण ती पोरगी कुठल्या शाळेत जाते, कुठल्या घरातली आहे, हे सगळं विकायच्या मालाचाच भाग होतं. आपल्या चाळीतली पंधरा वर्षांची पोरगी तितकंच चांगलं गात असती, तरी बिद्दूच्या स्टुडिओच्या दारापर्यंत कशी पोचणार होती?

आता आपल्या मातीत येऊ.

इथं कोकणात जाखडी आहे, बाल्या डान्स म्हणा. गणपतीत सुरू होतो. एक बाजू शक्तीवाल्यांची, एक तुऱ्यावाल्यांची. रात्रभर सवालजवाब. बुवा दरवर्षी नवीन गाणी बांधतो. चाल कुठली? गेल्या वर्षी जे सिनेमाचं गाणं गाजलं त्याची. शब्द त्याचे स्वतःचे. आणि गाण्यात तो आपल्या गुरूचं नाव घालतो, घराण्याचं घालतो, स्वतःचं घालतो. मुंबईत परळ-लालबागच्या हॉलांत चाकरमानी तिकीट काढून हे ऐकतात. जाखडीचे गोडवे गायला मी उभा नाही. गावात जाखडी चालायची तेव्हा आपल्या वाडीनं कुठं उभं राहून बघायची, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. मला फक्त एवढं दाखवायचंय, की बिनशाळेच्या बुवालाही माहीत होतं : गाण्यात नाव विणलं नाही तर ते दुसऱ्याचं होतं.

वामनदादा कर्डकांनी हेच केलं. १९२२ चा जन्म, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. १९४३ साली पहिलं गाणं. त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे २००४ पर्यंत, हजारोंनी गाणी. चाली अनेकदा उसन्या : कव्वालीच्या, सिनेमाच्या, लोकगीतांच्या. शेवटच्या कडव्यात 'वामन'. त्यांची गाणी गावोगावच्या पार्ट्यांनी गायली, कुणी वहीत उतरवून घेतली, कुणी ऐकून पाठ केली. कितीतरी ठिकाणी त्यांचं नावही न सांगता गायली गेली असतील. पण शेवटचं कडवं आलं की 'वामन' तोंडात येतोच. गाणाऱ्यानं तो शब्द काढला तर यमक मोडतं, चाल लंगडते. तुकोबांनी हेच केलं होतं, चोखोबांनी हेच केलं होतं. ज्याच्याकडं छापखाना नाही, वकील नाही, सातबारा नाही, त्यानं आपलं नाव गाण्याच्या हाडात घातलं. कोर्टकचेरीशिवायचा कॉपीराइट.

आणि मग आली कॅसेट.

त्याआधी रेकॉर्ड म्हणजे एचएमव्ही. कुत्रा आणि भोंगा. कुणाचं गाणं तबकडीवर जाणार हे कंपनी ठरवणार, आणि कंपनीच्या कानाला आपला आवाज क्वचितच गोड लागायचा. कॅसेटनं ती मक्तेदारी फोडली. टू-इन-वन आखातातून आले. आपल्या रत्नागिरी-राजापूरकडचे मुसलमान भाऊ दुबई-कुवेतला होते, त्यांच्या पेट्यांतून ही यंत्रं कोकणात उतरली. तिकडं दिल्लीत, बापाच्या ज्यूसच्या गाडीवरून वर आलेल्या गुलशन कुमारनं स्वस्त कॅसेटींचा धडाका लावला. गाजलेली गाणी दुसऱ्या स्वस्त गळ्यांतून गाऊन घ्यायची आणि कायद्यातल्या फटीतून विकायची. मुंबईत छोट्या कंपन्यांचं पीक आलं. एक शिफ्ट स्टुडिओ, एक कॅसिओ, एक ढोलकी, एक ऑक्टोपॅड, दोन कोरसवाल्या पोरी : एका दिवसात आठ गाणी.

याचा फायदा आपल्याला झाला हे नाकारणारा खोटं बोलतो. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घराघरात गेला तो कॅसेटीनं. विठ्ठल उमप गेले. आनंद-मिलिंद शिंदे पुढं त्यावरच स्टार झाले. चौकातल्या पानवाल्याकडं भीमगीत वाजायला लागलं, हे शतकात पहिल्यांदाच घडत होतं. पण कंपनीला भीमगीत म्हणजे काय? १४ एप्रिलचा सीझन. जसा गणपतीचा सीझन, आषाढीचा सीझन, लग्नाचा सीझन. मार्चमध्ये भीमगीतं रेकॉर्ड करायची, जूनमध्ये विठ्ठल, ऑगस्टमध्ये बाप्पा. तोच स्टुडिओ, तोच अरेंजर, बहुतेक वेळा तोच गळा. प्रल्हाद शिंद्यांनी पंढरीही गायली आणि भीमही गायला, दोन्ही जीव ओतून. मला त्यांच्यावर टीका करायची नाही, गायकानं पोट भरायचं कुठं? मला दाखवायचंय ते कंपनीचं वहीखातं. त्या वहीत बाबासाहेब आणि गणपती शेजारी शेजारी कॉलमात बसतात.

माझाच अनुभव सांगतो. १९८९ साली मी बावीस वर्षांचा. मुंबईतल्या एका कॅसेट कंपनीनं माझी आठ गाणी घेतली. चार भीमाची, चार पोरापोरींच्या प्रेमाची. निर्माता म्हणाला, "शब्द सोपे कर, गाणारी पोरगी चौदा वर्षांची आहे." केले. म्हणाला, "चावट थोडं वाढव." मी विचारलं, "चौदा वर्षांच्या पोरीच्या तोंडी?" तो म्हणाला, "म्हणूनच." ते मी लिहिलं नाही, त्यानं दुसऱ्याकडून दोन ओळी घालून घेतल्या. गाण्यामागं दीडशे रुपये रोख आणि इंग्रजीतल्या एका कागदावर सही. कॅसेट आली. इनले कार्डावर काय होतं माहिताय? 'गीत : पारंपरिक'. मी बावीस वर्षांचा पारंपरिक! ती पोरगी पुढं दिसली नाही. तिचं नावही खरं नव्हतं, कंपनीनं ठेवलेलं होतं. भीमगीतांच्या शेवटच्या कडव्यात मी माझं नाव घातलं होतं. ते मात्र त्यांना काढता आलं नाही. काढायला गेले तर मात्रा जात होती. प्रेमाच्या गाण्यांत नाव नव्हतं, ती गेली.

हे 'पारंपरिक' फार लबाड प्रकरण आहे. पारंपरिक म्हणजे कुणाचंच नाही, आणि कुणाचंच नाही म्हणजे कंपनीचं.

आता कायदा. झोपू नका, हाच भाग पोटाचा आहे. १९७७ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला : सिनेमासाठी पैसे घेऊन गाणं लिहिलंत, चाल दिलीत, आणि करारात वेगळं काही लिहून घेतलेलं नाही, तर त्या गाण्याचा पहिला मालक निर्माता. त्यावर उद्योगाची ३५ वर्षं चैनीत गेली. मोठमोठे गीतकार म्हातारपणी हलाखीत मेले नि त्यांची गाणी रेडिओवर वाजत राहिली. २०१२ साली कायदा बदलला. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी ते लावून धरलं. आता गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा वाटा, कंपनीच्या बरोबरीचा वाटा, त्यांना स्वतःलाही विकून टाकता येत नाही. सिनेमाच्या गाण्याला हे लागू आहे, फक्त थिएटरात सिनेमा दाखवण्याचे पैसे त्यात धरत नाहीत. सिनेमाबाहेरच्या गाण्यालाही लागू आहे, म्हणजे तुमच्या यूट्यूबच्या गाण्यालाही. कंपनीनं 'सगळे हक्क एकरकमी दिले' असं लिहून सही घेतली, तरी तो भाग कायद्यापुढं टिकत नाही. आणि गीतकाराचा कॉपीराइट त्याच्या मरणानंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे वामनदादांच्या गाण्यांवरचा हक्क अजून जिवंत आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये ती गाणी लाखो स्पीकरवर वाजतात. हिशेब कोण ठेवतो?

कायदा आहे म्हणून मिळतं, असं नाही. तामिळनाडूचं उदाहरण घ्या. मार्च २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' आलं. शब्द अरिवूचे. दलित पोरगा, पा. रंजितच्या कास्टलेस कलेक्टिव्हमधला. आजी श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेली, तिची भूमिहीनता त्यानं गाण्यात आणली. तोही त्या गाण्यात गातो. जगभर गाजलं. ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया' मासिकानं त्या गाण्याच्या निमित्तानं मुखपृष्ठ काढलं, त्यावर गायिका धी होती, दुसरा एक गायक होता, अरिवू नव्हता! पा. रंजितनं जाहीरपणे विचारलं तेव्हा बोंब झाली आणि मग मासिकानं अरिवूचं वेगळं डिजिटल मुखपृष्ठ काढलं. २०२२ साली चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनाला तेच गाणं झालं, अरिवूशिवाय. आणि २०२४ साली संगीतकार संतोष नारायणननं सांगितलं, या गाण्याचा एक पैसाही आम्हाला मिळाला नाही. गाणं जमीन हिरावलेल्यांचं होतं. तेही हिरावलं गेलं.

आपल्याकडं २०१६ साली 'सैराट' आला. रिंकू राजगुरू तेव्हा शाळेत होती. अजय-अतुलनी गाणी बांधली, पार लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजवून घेतला. 'झिंगाट' वर महाराष्ट्र नाचला. पाटलाचं पोरगं नाचलं आणि आपलंही. त्या सिनेमात गाणं संपल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. नागराज मंजुळेनं नाच पण दिला आणि शेवटची शांतता पण दिली. दोन वर्षांनी, २०१८ साली, मुंबईच्या मोठ्या निर्मात्यानं तोच सिनेमा हिंदीत 'धडक' म्हणून काढला. 'झिंगाट' घेतलं, चाल तीच, ठेका तोच, हिंदी शब्द नवे. जात मात्र सिनेमातून जवळजवळ पुसली. कारखान्याला काय पाहिजे असतं ते इतकं उघड क्वचित दिसतं : ठेका ठेवा, दुखणं काढा.

म्हणून मी डीजेवरच्या भीमगीताला नाक मुरडणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बाजूचा नाही. ते म्हणतात, सिनेमाची चाल लावून बाबासाहेबांचा अपमान करतात. अरे, वामनदादांनी चाली कुठून घेतल्या? आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा उचलला आणि गण-गवळणीच्या जागी भीमाचा विचार बसवला. चाल उसनी घेणं ही आपली जुनी युक्ती आहे. शत्रूचा घोडा पळवायचा आणि त्यावर आपला स्वार बसवायचा. माझी तक्रार वेगळीय. अलीकडं घोडाही त्यांचा, स्वारही त्यांचा, फक्त झूल निळी. शब्द बघा : किंग, वाघ, राडा, नाद, जलवा. यात बाबासाहेब काढून दुसरा कुणी गावगुंड घातला तरी गाणं तसंच चालतं. काही बहाद्दर तसं करतातही. तोच ट्रॅक, फेब्रुवारीत एक नाव, एप्रिलमध्ये दुसरं. ज्या गाण्यातलं नाव बदललं तरी चालतं ते गाणं कुणाच्याच बापाचं नसतं.

तरी मोबाईलनं एक गोष्ट उलटी केलीय. जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड, बंजारा समाजातला. स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, स्वतः गातो, संगीताची जुळवाजुळव जी-स्पार्क करतो. २०२४ साली त्याचं 'गुलाबी साडी' देशभर रीलवर नाचलं, मराठीतच, भाषांतर न करता. त्यात क्रांती नाही, आणि प्रत्येक गाण्यात क्रांती पाहिजे असं म्हणणाऱ्याच्या लग्नात मला बोलावू नका. पण तांड्यावरचं पोरगं गीतकार, संगीतकार आणि चेहरा तिन्ही एकटंच होतं, ही गोष्ट ब्रिल बिल्डिंगच्या खुराड्यात घडली नव्हती. तुमच्यातही अशी पोरं आहेत. मगाशी बाहेर चहा पिताना दोघांनी लॅपटॉपवर केलेला ठेका मला ऐकवला. ठेका झकास आहे. मी विचारलं, "चॅनेल कुणाच्या नावावर?" म्हणाले, "ते एक दादा बघतात."

तर त्या दादाला आज रात्री फोन करा. सगळ्यांसाठीच सांगतो. गाणं लिहिलंत की तारीख घालून स्वतःला मेल करा. कागदावर सही करण्याआधी कुणातरी वकिलाला दाखवा, आपल्यात वकील कमी नाहीत. भाषणं करतात तेवढ्या वेळात एक करार वाचून होतो. आयपीआरएस नावाची सोसायटी १९६९ पासून आहे, गीतकार-संगीतकारांचे पैसे तीच गोळा करते, तिचे मेंबर व्हा. गाणारी पोरगी अठराच्या आत असेल तर तिच्या आईला स्टुडिओत बसवा, आणि शब्द आधी आईला वाचून दाखवा. आईला वाचून दाखवता येत नसतील तर लिहू नका. आणि येत्या १४ एप्रिलला बॅनरवर आमदाराचा फोटो जेवढा मोठा छापाल, त्याच्या चौथाई आकारात तरी त्या रात्री वाजणाऱ्या गाण्यांच्या कवींची नावं छापा. यादी करायला बसाल तेव्हा कळेल, निम्म्या गाण्यांचे कवी आपल्याला माहीतच नाहीत. मग शोधा. म्हाताऱ्या गायकांना विचारा, जुन्या कॅसेटींची इनले कार्डं बघा, शेवटची कडवी ऐका.

माझं संपलं. तो ठेका पुन्हा एकदा लावा रे, मोठ्यानं. आणि ज्याला माझ्याशी भांडायचंय त्यानं पुढं या, माईक मोकळा आहे.